मोठ्या अक्षरांची कळ

मी की-बोर्ड बोलतोय. कॉम्प्युटरचा की-बोर्ड. तुम्ही सगळे त्या काचेच्या तोंडाकडे टक लावून बसता, आणि ठोसे मात्र मी खातो. शिवाय पडद्यावर काही वेडंवाकडं उमटलं की पहिला आळ माझ्यावरच. आज म्हटलं, एकदा मनातलं बोलूनच टाकावं.

माझा जन्म तैवानचा. थर्माकोलात झोपून मी समुद्र ओलांडला आणि मुंबईहून नागपूरला आलो. पहिले मालक सीताबर्डीवरचे एक हिशेबतपासनीस. त्यांच्याकडे एसी होता, लोक चपला बाहेर काढून आत येत. मला वाटलं, मी कुणीतरी देवच आहे. दोन वर्षांनी त्यांनी नवीन मशीन घेतलं आणि मला, पडद्याला आणि मधल्या पेटीला विकून टाकलं. एप्रिलच्या भर दुपारी आम्ही तिघं सायकलरिक्षातून हनुमाननगरला निघालो. नागपूरचं ऊन काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. देवपण रस्त्यातच वितळलं.

नवी मालकीण चारुलता. लग्नाआधी तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि आता सासरच्या समोरच्या खोलीत तिला क्लास काढायचा होता. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात, पाळीवर. सासूबाई जयवंताबाईंना ती खोली एका घड्याळवाल्याला भाड्याने द्यायची होती. शेवटी घरात ठराव झाला: दिवाळीपर्यंत शिकणारे आले तर क्लास, नाही तर घड्याळवाला. चारुलताने ते मान्य केलं. पण दुपारची कामं आवरून ती माझ्यासमोर बसली की तिची बोटं अशी धावत, की मला कळे, या बाईला घरात दुसरं काही नको आहे, एवढी खोली हवी आहे.

आता सासरे. नानाजी. तार ऑफिसातून निवृत्त झालेले तारमास्तर. उभी हयात तारा घेण्यात आणि देण्यात गेली. तारेत लहान लिपी नसतेच, सगळा मजकूर इंग्रजीच्या मोठ्या, कॅपिटल अक्षरांत. आणि शब्द मोजून. नानाजी बोलतही तसेच. "चहा." "आलो." "ऊन फार." जयवंताबाई म्हणत, "माह्या नशिबी रोज तार आली, चिठ्ठी कधीच आली नाही."

नानाजी मला आवडत. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते खोली झाडत, उदबत्ती लावत, मशीन सुरू करत आणि मला हात जोडत. तार ऑफिस उघडायची सवय हो, दुसरं काय. खोली उघडून ते बाहेर अंगणात जाऊन बसत.

असं सगळं बरं चाललं होतं, पण शिकायला येईना कुणी. पावसाळ्याच्या शेवटी एका सहकारी बँकेचे मॅनेजर मनोहरराव भेटले. त्यांच्या बँकेत युनिक्स नावाच्या नव्या पद्धतीवर चालणारी मशिनं येणार होती. "तुम्ही ते शिकवणार असाल तर आमचे सारे कारकून तुमच्याकडेच पाठवतो," ते म्हणाले. "दसऱ्याच्या पुढच्या रविवारी येऊन पाहून जातो."

झालं. आमच्या पेटीतली, मशीन चालवणारी जुनी व्यवस्था काढून नवी, युनिक्सची, बसवायचं ठरलं. ते काम रुपरावकडे गेलं. रुपराव म्हणजे सीताबर्डीचा मेकॅनिक, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने फ्लॉप्यांची चळत आणली आणि अख्खी दुपार एकेक आत घालत बसला. संध्याकाळी पडद्यावर नवा पाहुणा उभा राहिला.

जुनी व्यवस्था भोळी होती. मोठं अक्षर द्या, लहान द्या, तिला सगळं सारखंच. ही नवी मात्र दारातच अडवायची. आधी नाव विचारायची, मग गुप्त शब्द, आणि मगच आत घ्यायची. तारेतही आधी पलीकडचं स्टेशन कोणतं ते विचारायचं, मग मजकूर; ते आठवून नानाजींचे डोळे चमकले. "बराबर," ते म्हणाले, "आधी स्टेशन विचारते. कोण?"

"मामाजी, सकाळी तुम्हीच नाव टाकून ठेवत जा ना," चारुलता सासऱ्यांना म्हणाली. "तेवढाच माहा वेळ वाचंल."

म्हाताऱ्याला पुन्हा नोकरी लागली जणू! दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. उदबत्ती, नमस्कार. मग त्यांनी माझी मोठ्या अक्षरांची कळ, कॅप्स लॉक, दाबली. माझ्या उजव्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. एका बोटाने, टक टक करत, त्यांनी चारुलताचं नाव मोठ्या अक्षरांत टाकलं. मग गुप्त शब्द. मशीनने आत घेतलं. नानाजींनी मान डोलवली, वीज वाया जाऊ नये म्हणून ती कळ पुन्हा दाबून दिवा विझवला आणि अंगणात गेले.

तासाभराने चारुलता आली आणि किंचाळलीच. पडद्यावर लहान अक्षर औषधालाही नव्हतं. काहीही टाइप करा, मोठंच उमटे. जिथे खरोखर मोठं अक्षर हवं, तिथे त्याच्या अलीकडे एक तिरपी काडी उभी. सगळा मजकूर कुंपणातून डोकावल्यासारखा दिसत होता. तिने माझा दिवा पाहिला, तर तो विझलेला. कळ दाबून पाहिली, सोडून पाहिली. फरक शून्य.

रुपरावला बोलावणं गेलं. त्याने मला उलटा केला, कानाला लावून हलवला आणि निदान केलं, "खराबी यातच आहे जी, वहिनी. नवी व्यवस्था एकदम फस्क्लास आहे. हा की-बोर्ड तिचा भार पेलून नाही राहिला."

मग सुरू झाले माझे हाल. माझ्या पोटाखाली एक बारीक खटका आहे, मशीन जुन्या जातीचं की नव्या, ते सांगणारा. रुपरावने तो सरकवला आणि मी पार मुका झालो. त्याने परत सरकवला. मग त्याने माझ्या सगळ्या कळा उपटल्या. जयवंताबाईंनी त्या परातीत घालून रिठ्याच्या पाण्यात धुतल्या आणि पापडांसारख्या उन्हात वाळवल्या. परत बसवताना एम आणि एन यांची जागा बदलली, ते निस्तरण्यात एक दिवस गेला. शेवटी दृष्ट लागली असेल म्हणून माझ्यावरून मीठमोहरीही उतरवली. त्याचा खमंग वास मला आवडला, एवढाच काय तो फायदा.

रुपरावने मला दुकानात नेऊन तपासलं, तर मी ठणठणीत. घरी आणून स्वतः सुरू केलं, तरी ठणठणीत. डॉक्टरच्या दारात पाय ठेवताच ताप उतरावा तसं. दुसऱ्या सकाळी नानाजी आले, नमस्कार केला, नाव टाकलं, दिवा विझवला. पुन्हा कुंपण!

मला सगळं दिसत होतं हो. पण की-बोर्ड बोलणार कसा? दुसऱ्यांचे शब्द पोहोचवायचे, आपला एकही नाही. या बाबतीत मी आणि तारमास्तर एकाच जातीचे.

दसरा झाला. नानाजी एका लग्नाच्या बोलणीसाठी खाप्याला गेले आणि दोन दिवस तिथेच राहिले. ते दोन्ही दिवस मी शहाण्यासारखा वागलो. रुपराव छाती काढून म्हणाला, "पाहा, म्या म्हटलं नव्हतं?" चारुलता पहिल्यांदाच हसली. शनिवारी संध्याकाळी नानाजी परतले.

रविवार उजाडला. मनोहरराव आले, खुर्चीवर बसले. चारुलता चहा आणायला आत गेली होती. नानाजींना वाटलं, पाहुण्यांना वाट कशाला पाहायला लावायची? त्यांनी मला हात जोडले, माझा हिरवा दिवा लावला आणि सवयीने मोठ्या अक्षरांत नाव टाकलं. दिवा विझवायला त्यांचं बोट वळलं, तोच चारुलता ट्रे घेऊन दारात आली.

तिला दिवा दिसला. मग पडदा दिसला.

"काहून जी," मनोहरराव पुढे वाकून म्हणाले, "हे सारं असं काड्या-काड्याचं काहून दिसून राहिलं? मशीन बिघडलं काय?"

नानाजींचं बोट माझ्यावरच होतं. त्यांनी ते हळूच मागे घेतलं. त्यांनाही त्याच क्षणी उमगलं होतं. इतक्या दिवसांची धावपळ, रुपरावच्या फेऱ्या, सुनेचं कोमेजलेलं तोंड. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता सून म्हणणार, हे सगळं तुमच्यामुळे. म्हणाली असती तर कुणी तिला दोषही दिला नसता. घड्याळवाला जवळजवळ दारात उभा होता.

चारुलताने ट्रे खाली ठेवला.

"बिघडलं नाही साहेब," ती म्हणाली. "हेच तर तुम्हाले पहिले दाखवायचं होतं. मामाजी, तुम्ही बराबर केलं." मग ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. कोर्समध्ये गुरुजींनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट तिला आत्ता आठवली होती. "जुन्या मशिनांमधी लहान अक्षरं राहतच नव्हती, साहेब. म्हणून कोणी आपलं नाव मोठ्या अक्षरांत टाकलं, की हे मशीन समजते, समोर जुनं मशीन आहे. मंग त्याच्यासंग ते सारं मोठ्यातच बोलते. समोरच्याले जेवढं येते, तेवढंच."

तिने दिवा विझवला, मशीनमधून बाहेर पडून पुन्हा नाव टाकलं, या वेळी लहान अक्षरांत. काड्या गेल्या, कुंपण गेलं, मजकूर नीट उभा राहिला.

मनोहरराव खुर्चीतच मागे रेलले आणि मोठ्याने हसले. "म्हणजे म्हाताऱ्याचा मान ठेवते म्हणा की! मॅडम, आमच्या बँकेतले सारे असेच आहेत. जिंदगीभर टाइपरायटर बडवला, आता कॉम्प्युटरचं नाव काढलं की थरथर कापतात. त्यांले असंच शिकवणारं कोणी पाहिजे होतं. सोमवारपासून पाठवतो."

नानाजींनी चहा घेतला. कप घेऊन ते अंगणात जाऊन बसले.

सोमवारी सकाळी मात्र ते आलेच नाहीत. खोली झाडली गेली नाही, उदबत्ती नाही. शेवटी चारुलता अंगणात जाऊन म्हणाली, "मामाजी, स्टेशन बंद काहून आहे?" हाताला धरून तिने त्यांना माझ्यासमोर बसवलं. मशीनमध्ये तिने त्यांच्या नावाची स्वतंत्र नोंद केली होती. "हे तुमचं नाव. मोठ्यातच टाका. तुमच्या डोळ्यालेही तेच बरं दिसंल."

त्यांनी नाव टाकलं. मशीनने मोठ्या अक्षरांत उत्तर दिलं. मग ते बराच वेळ एका बोटाने काहीतरी लिहीत राहिले. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, तारेसारखं: "सूनबाई. चूक माझी. लाज तू राखली." जयवंताबाईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! एवढे शब्द?" आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याला आता वर्ष झालं. क्लासात तीन नवी मशिनं आली, त्यांच्याबरोबर तरणेताठे की-बोर्डही आले. घड्याळवाल्याने दुसरीकडे दुकान थाटलं. माझी अक्षरं पुसत चालली आहेत, रिठ्याने उरलीसुरली चमकही नेली. मी नानाजींच्या वाट्याला आलो आहे, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तुमच्याकडे एवढंच मागतो. घरात नवं काही बसवलं आणि जुनं अडखळू लागलं, तर लगेच त्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर घालू नका. आधी शेवटचा हात कुणाचा लागला ते विचारा. आणि विचाराल तेव्हा आवाज लहान अक्षरांत ठेवा. आणि हो, मला रुपरावच्या हाती मात्र पुन्हा देऊ नका.

नानाजी अजून रोज सकाळी येतात. नमस्कार करतात, नाव टाकतात. फक्त आता जाताना दिवा विझवत नाहीत. सुनेला कळावं, म्हातारा येऊन गेला म्हणून.