डावी बाही

बुधवारी दुपारी तीन वाजता गाडी शिकवण्याच्या क्लासच्या मागच्या खोलीत चार माणसं विणायला बसत. खोली मास्तरांची, म्हणजे क्लास चालवणाऱ्यांची. मधल्या टेबलावर एका चौकाचं मॉडेल होतं, सिग्नलसकट. एरवी मास्तर त्यावर खेळण्यातल्या गाड्या फिरवून वळण कसं घ्यायचं ते शिकवत. बुधवारी त्या चौकात लोकरीचे गुंडे पडलेले असत आणि वाहतूक ठप्प असे. भिंतीवर ‘हॉर्न वाजवू नये’ अशी पाटी होती. मंडळी तशीही फारसं बोलत नसत.

चौघांच्याही घरी कुणी ना कुणी आजारी होतं. ही काही मंडळात यायची अट नव्हती, तसं जमून आलं होतं इतकंच. मास्तरांच्या आईला मास्तर आठवत नव्हते. ती त्यांना नळ दुरुस्त करणारा समजायची. म्हणून मास्तर रोज संध्याकाळी तिच्या खोलीतला चांगला चाललेला नळ खोलून पुन्हा बसवायचे, कारण त्यानंतर ती खूश होऊन त्यांना बसा म्हणायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. बाईंनी विणलेल्या मोज्यांच्या जोडीतला तो एकच मोजा घालून जायचा आणि दुसरा पुढच्या वेळेसाठी ठेवायचा. एका पायाला थंडी वाजली तरी चालेल, पुढची वेळ पक्की झाली पाहिजे, असा त्याचा हिशेब. पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशींच्या यजमानांना ऑक्सिजन लागायचा. मावशींनी त्यांच्या सिलिंडरला दोन कान असलेली टोपी विणली होती. तेव्हापासून यजमान सगळं भांडण सिलिंडरशी करत आणि मावशींच्या वाट्याला शांतता आली होती.

चौथा किल्लीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची कपाटाएवढी टपरी होती. खरी सभासद त्याची बायको. तिने अंथरूण धरलं तेव्हा मावशींची उसनी आणलेली सुयांची जोडी परत करायला तिने नवऱ्याला पाठवलं. मावशींनी सुया परत घेतल्याच नाहीत. “आलायस तर बैस,” म्हणाल्या, आणि तो बसला, तो आठ महिने बसलाच. पहिल्यांदा त्याने जे विणलं ते चष्म्याचं घर होतं असं त्याचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते बराच वेळ निरखून, अक्कलदाढ अशीच असते, असं कौतुकाने सांगितलं होतं.

मंडळाचे नियम दोनच. एक, दुसऱ्याचं विणकाम मोजायचं नाही. फार पूर्वी एका बाईने दुसरीच्या स्वेटरला टेप लावली होती आणि त्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. त्यातली एक वारली, तरी अबोला अजून चालू आहे, असं मावशी सांगत. दुसरा नियम असा की शेवटचे टाके ज्याचे त्यानेच बंद करायचे. मधलं कुणीही विणावं, पण काम संपवायचा मान ज्याने सुरू केलं त्याचा.

मधलं कुणीही विणावं, हेही खरोखरच होत असे. कुणाच्या घरचं दुखणं वाढलं की त्याच्या कामाची पिशवी फिरायला निघायची. मालक दवाखान्यात आणि विणकाम लोकांच्या घरी. विणून झालेला भाग गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, म्हणजे मळत नाही. ती गुंडाळी पुढच्याने सोडायची नाही, कारण सोडणं म्हणजे मोजणंच. लोकर कमी पडली तर घरची जोडायची.

किल्लीवाला बायकोसाठी स्वेटर विणत होता. गळ्यापासून सुरू करून खाली उतरायचं, असं तिनेच दवाखान्याच्या खाटेवरून शिकवलं. हिरवी लोकरही तिनेच निवडली. “हा घालूनच मी घरी येणार,” असं तिने एकदा सांगितलं आणि मग त्याच्या हाताला वेगळाच वेग आला. अंग झालं, उजवी बाही झाली. माप मात्र तिचं जुनं होतं. स्वेटर खाली खाली वाढत होता आणि बायको उशीत बारीक होत चालली होती. दोघांनाही ते दिसत होतं. दोघंही लोकरीच्या रंगाविषयी बोलत.

डावी बाही जेमतेम दंडापर्यंत आली असताना, एका शुक्रवारी, डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात बोलावलं. येत्या गुरुवारी त्यांना घरी घेऊन जा, म्हणाले. त्याने विचारलं, बरं वाटतंय का तिला? डॉक्टर म्हणाले, घरी बरं वाटेल. किल्लीवाल्याने उभ्या जन्मात हजारो कुलपं उघडली होती, हे वाक्यही त्याला लगेच उघडलं.

त्या रात्रीपासून त्याच्या हातून टाके सुटायला लागले. केसाएवढा फरक असला तरी किल्ली घासून बरोबर बसवणारा माणूस, आणि त्याला टाका सापडेना. शनिवारी सकाळी तो पिशवी मास्तरांकडे देऊन आला. तीन जणांनी अर्धी-अर्धी वीत विणायची आणि बुधवारी पिशवी त्याच्याकडे परत यायची, असं ठरलं. म्हणजे गुरुवारी ती स्वेटर घालून घरी येणार. बाकी काही त्याच्या हातात नव्हतं, एवढं होतं.

बुधवारी मावशींनी पिशवी त्याच्या हातात ठेवली. गुंडाळी चांगलीच गलेलठ्ठ होती. त्याला वाटलं, लोकर दबू नये म्हणून सैल बांधली असेल. नियमाप्रमाणे त्याने ती सोडली नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात त्याने स्वेटर बायकोच्या अंगात घातला, उजवा हात बाहीतून काढला, डावा घातला आणि गुंडाळीचा दोरा सोडला. बाही खाटेवरून खाली उतरली. उतरतच राहिली. टेकली तेव्हा तिच्या टोकाची सुई फरशीवर टिंग करून वाजली.

दंडापर्यंत ती गडद हिरवी होती आणि पुढेही दीड वीत तशीच. मग दातांच्या दवाखान्यातल्या पडद्यासारखी फिकट हिरवी झाली. शेवटची दीड वीत शेवाळी होती. झालं होतं ते असं. मास्तरांना वाटलं, सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या भावाचं डायलिसिस, त्यांना कुठला वेळ? म्हणून त्यांनी स्वतःची अर्धी वीत विणली, वर दोघींचीही विणली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मास्तर बिचारे आईपायी थकलेले, त्यांच्याने झालं नसणार, आणि मावशींवर तर टाकायलाच नको. त्यांनीही दीड वीत विणली. मावशींनी सुईवरचे उघडे टाके पाहिले आणि मनाशी म्हणाल्या, पोरांना पुरतं जमलेलं दिसत नाही, आणि दीड वीत त्यांनीही विणली. टाके बंद करायचे नव्हतेच, त्यामुळे बाही संपली कधी हे कुणालाच कळायचा मार्ग नव्हता.

किल्लीवाला फरशीवरच्या सुईकडे बघत राहिला. आजच्या दिवशी तरी एक गोष्ट नीट व्हायला हवी होती, असं त्याला वाटलं. मग वरून आवाज आला. बायको हसत होती. आवाज असा नव्हताच, खांदे हलत होते आणि खाट कुरकुरत होती. तीन महिन्यांत ती हसली नव्हती.

“मला वाटलं, मी आणखी बारीक झाले.”

“अर्ध्या तासात उसवतो,” तो म्हणाला. “नर्सला थांबायला सांगतो.”

“उसवायचं नाही.” तिने फिकट हिरव्या पट्ट्यावर बोट फिरवलं. तो डॉक्टरीणबाईंनी सोमवारी, भावाच्या डायलिसिसनंतर रात्री विणलेला, हे तिने टाक्यांवरून ओळखलं. दोन ठिकाणी चुकून पुन्हा सुधारलेला होता. “अहो, किती घाबरलीत ही माणसं एकमेकांसाठी.”

निदान टाके तरी बंद करायला हवेत, असं तो म्हणाला. म्हणाला खरा, पण ते त्याला येत नव्हतं. आजवर त्याचं प्रत्येक काम, मंडळाचा नियम मोडून, तिनेच गुपचूप बंद करून दिलं होतं. आता तिच्या बोटांत तेवढं बळ नव्हतं. शिकव, मी करतो, असं त्याने सांगून पाहिलं.

“ते मी नाही शिकवणार,” ती म्हणाली. “ते मावशींकडून शिका. नंतर.”

मग तिने सांगितल्याप्रमाणे त्याने सुई काढून चव्वेचाळीस टाक्यांतून लोकरीचा एक धागा सैल ओवला आणि बाहीचं तोंड उघडं ठेवून त्याची गाठ मारली, म्हणजे ते सुटणार नव्हते.

टॅक्सीत बसल्यावर बाही तिच्या मांडीवरून त्याच्या मांडीवर आली. काय करावं न सुचून त्याने टोकाकडून आपला हात आत घातला. शेवाळी भाग ओलांडला, फिकट हिरवा ओलांडला, आणि तिथे कुठेतरी तिची बोटं लागली. घर येईपर्यंत दोघांनी हात काढले नाहीत. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. एक माणूस आणि एक बाई एकाच बाहीत अडकलेत, याचा त्याला काही उलगडा होईना. त्याने रेडिओ बंद केला.

घरी ती एकोणीस दिवस होती. स्वेटर अंगातच. दुपारी तो खाटेजवळ खुर्ची ओढून बसायचा आणि बाहीत हात घालायचा. काही बोलणं व्हायचं, बरंचसं व्हायचं नाही. एकदा तिने बजावलं, “मला हा घालून पाठवू नका. लोकर चांगली आहे. आणि बाही वाटेत कुठेतरी अडकेल.” त्याने मान हलवली. शेवटच्या दिवशी त्याच्या हातातली बोटं सैल पडली, तेव्हा त्याला वाटलं, झोप लागली. बाहीत दिसत नाही ना काही. त्यामुळे तो तसाच बसून राहिला, आणि नेमकं केव्हा, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

त्यानंतरचे दोन बुधवार तो गेला नाही. तिसऱ्या बुधवारी तीन वाजता तो पिशवी घेऊन चौकाशी येऊन बसला. मास्तरांनी उगाचच सिग्नल हिरवा केला. बाहीची हकिकत सगळ्यांना कळली होती आणि तिघंही मेल्याहून मेल्यासारखे बसले होते. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण तो मध्येच मावशींना म्हणाला, “टाके बंद करायला शिकवा. तिने तुमच्याकडे पाठवलंय.”

मावशींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग दुसऱ्या लोकरीवर चार टाके घालून दाखवले. दोन टाके घ्यायचे, एकावरून दुसरा उडी मारून सोडायचा, मग पुढचा. त्यांनी स्वेटरला हात लावला नाही. मान ज्याचा त्याचा.

तो बाही आडवी ठेवून टाके बंद करायला लागला. धाग्यावर टांगलेले टाके एकमेकांना चिकटून बसले होते. तो वरचा एक आणि त्याच्या पाठचा एक असे दोन्ही सुईवर घेत होता आणि जोडीने बंद करत होता. तिसऱ्या जोडीला डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं, तशी टेबलाखालून मावशींनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. मास्तर भिंतीवरची पाटी वाचायला लागले. पाऊण तास कुणी हॉर्न वाजवला नाही.

शेवटचा टाका ओढून त्याने धागा कापला. मग बाही उचलून टोक शोधलं. टोक नव्हतं. पुढची कड आणि मागची कड शिवल्यासारखी एक झाली होती. त्याने अंगठा दाबून पाहिला. बाहीचं तोंड पक्कं बंद होतं.

“उसवू या का रे?” मावशींनी हळूच विचारलं. “मी आहे ना इथे.”

किल्लीवाल्याने खांद्याकडून आपला हात बाहीत घातला. हिरव्यातून, फिकट हिरव्यातून तो जाईल तितका आत गेला. बोटं टोकापर्यंत पोचली नाहीत. आत ऊब होती.

“नको,” तो म्हणाला. “तिकडून आता कोण येणार आहे.”

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी आपली सुई उचलली, मग मास्तरांनी. किल्लीवाल्याने मात्र हात तसाच आत ठेवला, आणि साडेपाच वाजता खोली बंद करायची वेळ झाली तरी त्याला उठा असं कुणी म्हटलं नाही.