नॉक्सबर्गचा तिसरा भाग

शशिकांत अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या प्लांटमध्ये एकाचंही हाड मोडलं नाही, हे ते निवृत्तीनंतरही लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत. गेल्या मार्चमध्ये बदलापूरच्या घरी पंख्याची पाती पुसायला ते प्लास्टिकच्या स्टुलावर चढले आणि डाव्या पायाची नडगी मोडून घेतली. स्टूल धरायला त्यांनी कोणालाही बोलावलं नव्हतं.

प्लास्टर घातल्यावर त्यांचा पलंग हॉलमध्ये आला, टीव्हीच्या बरोबर समोर. आणि टीव्ही नेमका त्याच दिवसांत त्यांच्या मुलीच्या ताब्यात होता.

श्रद्धा चौतीस वर्षांची. एका विमा कंपनीचं काम ती घरून करायची; शिफ्ट दुपारी एकला सुरू व्हायची, त्यामुळे सकाळ तिची. ‘नॉक्सबर्ग’ या व्हिडिओ गेमचा नवा भाग दिवाळीत येणार होता. त्याआधी जुने सगळे भाग पहिल्यापासून ओळीने खेळायचे, असं तिने ठरवलं होतं. गोष्ट प्रत्येक भागात तीच. डोंगरावर काळा किल्ला, आत मरूनही न मेलेला उमराव आणि त्याला मारायला एकटीच आत शिरलेली शिकारीण. तो दर भागाच्या शेवटी मरायचा आणि पुढच्या भागात ताजातवाना हजर असायचा.

पहिले दोन दिवस शशिकांतनी बातम्या लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते बघत बसले.

“ह्या किल्ल्याला बाहेर पडायचा दरवाजा एकच?”

“किल्ला आहे बाबा.”

“असू दे ना. आत चारशे माणसं...”

“भुतं.”

“चारशे भुतं आणि जिना एक, तोही लाकडी. शेजारी उघड्या मशाली. पेटलं तर जातील कुठे बिचारी?”

घड्याळाच्या मनोऱ्यात शिकारीण फिरत्या दातेरी चाकांवरून उड्या मारू लागली, तेव्हा ते पलंगावर अर्धे उठून बसले. एवढ्या मोठ्या चाकांना गार्डची जाळी नाही! स्वयंपाकघरातून त्यांची बायको, माई म्हणाली, “तो मेला की सांगा. मला माझी मालिका लावायची आहे.”

सुरुवातीच्या भागांत गेममध्ये नकाशाच नव्हता. श्रद्धा त्याच त्याच दालनांत फिरत राहायची. आठवड्याने शशिकांतनी ग्राफ पेपर मागवला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन किल्ल्याचा आराखडा काढायला घेतला. दुसऱ्या भागात एकदा त्यांनी तिला थांबवलं.

“वरच्या मजल्यावरून मोजलं तर बारा चौकोन होतात. खालून अकरा. एक खोली कोणीतरी लपवली आहे. ती डावीकडची भिंत फोड.”

श्रद्धाने भिंतीवर तलवार मारली. भिंत पडली, आत चांदीचं चिलखत होतं. तिने वळून बापाकडे पाहिलं. ते आराखड्यात लाल पेनने नवी खोली भरत होते.

दुसरा भाग संपला आणि तिने चौथा लावला.

“तिसरा कुठे गेला?” शशिकांतनी विचारलं.

“तो ह्या सेटमध्ये नाही. आता कुठे मिळत नाही.” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “माझ्याकडे होता.”

मटार सोलणाऱ्या माईचे हात थांबले. दहावीच्या प्रिलिमला तीन आठवडे असताना शशिकांतनी तिचा व्हिडिओ गेम आतल्या कॅसेटसकट उचलून भंगारवाल्याला दिला होता. ती कॅसेट म्हणजेच तिसरा भाग. त्या दिवशी श्रद्धा शेवटच्या जिन्यापर्यंत पोहोचली होती. पुढची दोन वर्षं ती बापाशी धड बोलली नाही. ‘जेवायला या म्हणावं’ इथपासून सगळं माईमार्फत चालायचं.

“सहामाहीला बासष्ट टक्के होते तुला,” शशिकांत म्हणाले.

“आणि तुम्ही तो दिल्यावर बोर्डात एकसष्ट पडले.”

शशिकांतनी पुन्हा पट्टी-पेन्सिल उचलली. प्लास्टर निघालं, हातात वॉकर आला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, “गाडी बोलव. उल्हासनगरला जायचंय.”

तिथल्या बाजारात जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाचं एक दुकान होतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल एवढंच. म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने नाव ऐकून डोकं खाजवलं.

“साईं, ये अब कौन खेलता है?”

“हमारी लडकी,” शशिकांत म्हणाले. “मैं नक्शा बनाता हूँ.”

दुकानदार खोकी उपसत असताना त्यांची नजर एका एक्स्टेंशन बोर्डवर गेली. त्यात नऊ पिना होत्या. त्यांनी लोड किती आहे ते विचारलं, मग फायर एक्स्टिंग्विशरची तारीख विचारली, मग मागचा दरवाजा कुठे ते विचारलं. त्यानंतर कॅसेट आणि ती चालवायचं जुनं यंत्र आश्चर्यकारक वेगाने सापडलं.

तिसरा भाग तीन आठवडे चालला. शेवटच्या जिन्याशी आल्यावर श्रद्धाने हाताला आलेला घाम कुर्त्याला पुसला. माईसुद्धा गॅस बंद करून येऊन बसली. वरच्या दालनात उमराव सिंहासनावरून उठला, आणि श्रद्धाच्या दुसऱ्याच प्रयत्नात मेला. पडदा काळा झाला. त्यावर मोडक्या इंग्रजीत दोन ओळी उमटल्या: किल्ला झोपला, तुम्ही शूर आहात. लगेच पुन्हा पहिलं पान.

“झालं?” माईने विचारलं.

“झालं.”

“एवढ्यासाठी तू दोन वर्षं माझ्यामार्फत बोलत होतीस?”

श्रद्धाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, ते तिने कोणाला दाखवले नाहीत. शशिकांतही तिच्याकडे न बघता ग्राफ पेपरकडे बघत होते.

“तेव्हा मला नकाशाचं सांगितलं असतंस,” ते म्हणाले, “तर भंगारात दिलं नसतं.”

“मग काय केलं असतं?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “परीक्षा होईपर्यंत कपाटात ठेवलं असतं.”

ही माफी होती, आणि याहून मोठी मिळणार नाही हे श्रद्धाला ठाऊक होतं. तिने मान डोलावली आणि कॅसेट काढायला हात पुढे केला.

“काढू नकोस. ब्याण्णव टक्केच झालाय किल्ला. काम अर्धवट सोडायचं नाही.”

“बाबा, हे तुम्ही बोलताय?”

पण ती कंटाळली होती. मध्येच सोडलेला चौथा भाग तिने आपल्या लॅपटॉपवर पुढे सुरू केला, आणि हॉलमधलं जुनं यंत्र शशिकांतकडे गेलं. पहिल्याच दुपारी ते पहिल्याच वटवाघळाच्या हातून अकरा वेळा मेले. प्रत्येक मृत्यू त्यांनी कारणासह वहीत लिहिला.

बाराव्या वेळी त्यांनी हाक मारली. श्रद्धा आतल्या खोलीत एका क्लायंटला पॉलिसीतल्या अटी समजावून सांगत होती.

“श्रद्धा! उडी कुठल्या बटणाने?”

तिने कॉल म्यूट केला. “लाल, बाबा. आणि ते अंगावर यायच्या आधी मारा, नंतर नाही.”