लाभ, दोन…

"लाभ… दोन… तीन…" — आप्पांचा आवाज, तिसगावच्या खळ्यातला, बाजरीच्या भुश्शानं घोगरा झालेला; पहिल्या पायलीला ते कधी एक म्हणायचे नाहीत, लाभ म्हणायचे, आणि परकरातली मोनिका विचारायची, आप्पा, मग एक कुठं गेला?… आता तिच्या तळहातावर हिरवा बोर्ड होता, बिस्किटाएवढा, कोमट.

बोर्डावर मेमरीच्या दोन काळ्या चिप, एकेक जीबीच्या. स्क्रीनवर मात्र लिनक्स सांगत होतं — एक. कोल्हारच्या दूध संकलन केंद्रात हा बसवायचा. एकात भागत नाही, चाळिसाव्या किटलीला मशीन गोठतं. दोन दिवस ती बोर्डाचं वर्णन असलेली फाईल उघडून बसली होती, कारण लिनक्स स्वतः चाचपून बघत नाही, जेवढं सांगाल तेवढंच आहे असं मानतं… तिनं दोन लिहिलं. पुन्हा चालू केलं. एक.

दुपारी कळलं. लिनक्सच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, बूटलोडर. तिच्या दोनावर तोच स्वतःचा एक लिहून टाकत होता. आणि त्याला बनवणाऱ्यांनी कुलूप घातलेलं. दुसरी चिप तिथंच — वीज पिणारी, उबदार, आणि कुणाच्या लेखी नसलेली…

"पयलीच खेप हाय, म्याडम." मंगळवारी दवाखान्यात सासूबाई अशाच तिच्या आधी बोलल्या होत्या. डॉक्टर तर मोनिकाला विचारत होत्या — रक्त निगेटिव्ह आहे तुझं, आधी कधी दिवस राहिले असतील, पडलं-पाडलं असेल, तर सांग, या बाळाला ते बाधू शकतं, वेगळी तपासणी करावी लागेल. सासूबाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलं. मोनिका पेनाकडे बघत राहिली… सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या खोलीवर आईनं तिचे ओले केस पुसले होते, म्हणाली होती, झालं ते झालं, आता पुढं येईल तेच पहिलं. आदिनाथ तेव्हा आयुष्यात नव्हता. लग्न ठरतानाही त्याला सांगितलं नाही. आज सांगितलं तर तो… आणि नाही सांगितलं तर हे, आतलं, ज्याला अजून नावही नाही…

संध्याकाळी सासूबाई, साळूबाई, ओसरीवर बाजरी मोजायला बसल्या.

"मोने, पोत्याचं तोंड धर. त्या डबीनं आज बी डोकं खाल्लं का?"

"आहे तेवढं दिसतच नाही तिला, आत्या."

"मंग तोंडानं सांग की. तू मुकी हायेस, का ती बहिरी?"

"सांगितलं. पण तिच्यात आधीच दुसरं कुणीतरी बोलून जातं."

"आसं आसतंय व्हय," म्हणत साळूबाईंनी पायली भरली, हातानं सपाट केली, पोत्यात रिती केली. "लाभ."

पोतं जड झालं. मोनिकाला वाटलं, आप्पा, तो एक कुठंच गेला नव्हता. त्याला फक्त दुसऱ्या नावानं हाक मारायची असते… साळूबाईंनी पुन्हा पायली भरली. मोजताना मधे बोलू नये, हे तिला माहीत होतं.

"आत्या, हे दुसरं आहे."

"व्हय की, दुसरीच पायली. मला बी मोजता येतंय."

"पायली नाही." पोत्याचं तोंड तिच्या हातून सुटलं, तिनं हात पोटावर ठेवला. कललेल्या पायलीतून दाणे सांडत राहिले. "हे. हे माझं दुसरं आहे."