पुढची गाडी

मी रस्त्यातला एक दगड बोलतोय. सगळं मला नीट आठवतंय असं छातीठोकपणे सांगवत नाही. माझ्यावरून माणसं चालत जातात, बोलणं तुटक तुटक कानी पडतं, आणि मधल्या जागा मीच मनाने भरत असेन. पण त्या दोन बायकांचं बोलणं मी ऐकलं. निदान एक वाक्य तरी.

मी तळहाताएवढा आहे. अंग सिमेंटचं आणि माथ्यावर पितळेचा पत्रा. त्यावरचं एकेक अक्षर हाताने ठोकून उमटवलेलं आहे: 'इथे राहत होती हेनी मोसबाखर. जन्म १९३४. हद्दपार १९४२. ऑशविट्झमध्ये हत्या.' ज्या दारातून तिला नेलं, त्या दारासमोरच्या फरशीत मला बसवलंय. तिला थडगं नाही. जे काही आहे ते मीच.

माझ्या डावीकडे तिचे आईवडील, पाउला आणि यूलियस. आम्हा तिघांना बसवलं त्या दिवशी हेनीची थोरली बहीण मार्गा इंग्लंडहून आली होती. युद्धाच्या तोंडावर ज्यू मुलांना देशाबाहेर पोचवणाऱ्या गाडीत मोसबाखरांना एकच जागा मिळाली. तेरा वर्षांची मार्गा गेली, पाच वर्षांची हेनी राहिली. आता मार्गाच्या हातात काठी होती, पण तिचं जर्मन अजून तेरा वर्षांच्या मुलीचंच होतं.

हे दगड बसवण्याचं काम अंगावर घेतलेले निवृत्त शिक्षक ड्रेसलर तिला हळूच म्हणाले, की जे वाचले त्यांचाही दगड आम्ही घरच्यांशेजारी बसवतो, कुटुंब पुन्हा एकत्र येतं. तुमचाही करू का?

"जिवंतपणी माझ्या नावाचा दगड नको, मास्तर," मार्गा म्हणाली. "थोडं थांबा. फार वाट बघायला लावणार नाही."

म्हणून माझ्या उजवीकडे साधा दगडच राहिला.

गर्दी पांगली तशी मार्गाने ट्रूडे वीशमानला गाठलं. ट्रूडेचा जन्म याच घरात, वरच्या मजल्यावर. ती हेनीची खेळगडी.

"हेनीला नेलं तेव्हा तू इथेच होतीस ना?" मार्गाने विचारलं. "घाबरली होती का गं ती?"

एवढं एकच विचारायला ती आली होती. बाकी सगळं तिला ठाऊक होतं.

ट्रूडे म्हणाली, "नाही. उड्या मारत जिना उतरली. तुझा जुना कोट होता अंगात, बाह्या दुमडलेल्या. मला म्हणाली, पुढची गाडी माझी. मी मार्गाकडे चाललेय."

मार्गा पायरीवर बसली. इंग्लंडला निघताना स्टेशनवर रडणाऱ्या हेनीला गप्प करायला ते तीच बोलली होती: रडू नकोस, पुढची गाडी तुझी.

"म्हणजे मीच तिला..." एवढंच ती म्हणाली. पुढचं मला दिसलं नाही. मला चेहरे क्वचितच दिसतात. चपट्या टाचेच्या बुटांचे दोन जोड मात्र एकमेकांना चिकटून कितीतरी वेळ पायरीपाशी होते.

निघताना मार्गाने ड्रेसलरांपाशी मन मोकळं केलं: ट्रूडे मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. 'पुढची गाडी' हे तर हेनी गल्लीभर सांगत सुटली असणार, मी गेले त्याच आठवड्यात. पण नेताना पोलीस होते, आरडाओरडा होता. आठ वर्षांच्या मुलीला कळत नाही का कुठली गाडी ते?

ड्रेसलरांनी तो प्रश्न टिपून घेतला.

त्यानंतर ट्रूडे दर शुक्रवारी खाली यायची, गुडघ्याखाली उशी घ्यायची आणि व्हिनेगर-मिठाने आम्हाला घासायची. समोरचा पाववाला तिला चिडवायचा, "बाई, चर्चमध्ये कधी इतके गुडघे टेकलेत का?"

"तिथे कोणी पायाखाली मळत नाही," ती म्हणायची.

एकटी असली की तिचा ब्रश माझ्यावर थांबायचा. ती पुटपुटायची, "खरंच उड्या मारत होतीस ना गं?" म्हणजे तिलाही खात्री नव्हती.

मग ट्रूडे गेली. मी काळा पडलो. हेनीचं नाव वाचता येईना. पुन्हा मिटवलं जाण्याची मला तेव्हा फार भीती वाटली.

काही वर्षांनी मार्गाही तिकडे वारली. तिचा मुलगा लायनेल आला. माझ्या उजवीकडचा दगड काढला आणि तिथे मार्गा बसली, नवी, लखलखीत. ज्यू लोक थडग्यावर ठेवतात तसा लायनेलने दोघींच्या मध्ये एक खडा ठेवला. मग खाली बसून त्याने मलाही घासलं.

माझ्यावर पाय पडला तर वाईट वाटून घेऊ नका. पायांनीही पितळ थोडं उजळतं. फक्त एकदा थांबा, मान खाली घाला आणि तिचं नाव मोठ्याने वाचा. मला ते स्वतःला वाचता येत नाही.

लायनेल आला त्या दिवशी ड्रेसलर चाकांच्या खुर्चीतून आले होते. हेनीला कुठली गाडी ते कळलं असेल का, हा मार्गाचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. ती हयात असताना सांगता आलं नाही, म्हणून ते लायनेलला सांगत होते, शक्य तितकी खात्री करून घेतलेलं. मार्गाला निरोप द्यायला हेनी ज्या फलाटावर आली होती, त्याच फलाटावरून हेनीची गाडी सुटली.