वरची पिल्लं

धुळ्याच्या देवपुरात पिल्लं विकणाऱ्या शालिग्रामच्या पडवीत भिकुबाई सकाळपासून उकिडवी बसली होती आणि कोंबडीचं एकेक पिल्लू तळहातावर घेऊन असं निरखत होती, की लोक सूनसुद्धा इतकी निरखून आणत नाहीत. डोळे टपोरे आहेत का, पाय तकतकीत आहेत का, बेंबी सुकली आहे का. पिल्लू उताणं करायचं. चटकन उलटून उभं राहिलं तर खोक्यात, पाय झाडत पडून राहिलं तर परत. अंडी उबवायच्या घासलेटच्या यंत्रापाशी उभा असलेला शालिग्राम आधी हसला, मग कंटाळला.

"मागची लव बघा," तो म्हणाला. "चुन्यासारखं काही चिकटलं असेल तर घेऊ नका. ती पांढरी हगवण. स्वतः मरतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं."

भिकुबाईने मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी तपासली.

एवढ्या निरखण्याला कारण होतं. आदल्या वर्षी तिने पारोळ्याच्या बाजारातून कोंबड्या आणल्या आणि त्यांच्यामागून रोग आला. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. शेजारच्या बेबाबाईचं तर अख्खं खुराडं रिकामं झालं. तेव्हापासून बेबाबाईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. विहिरीवर भिकुबाई दिसली की ती अर्धी घागर उचलून चालती व्हायची. बाकीच्या बाया बोलत, पण कशा बोलत ते विचारू नये. अखेर भिकुबाईनेच पुढे होऊन सांगितलं, की धुळ्याहून चांगल्या जातीची, एका दिवसाची पिल्लं मी पारखून आणते, सगळ्यांचे वाटे करू. बायांनी पुष्कळ खळखळ केली आणि हो म्हटलं. बेबाबाईनेसुद्धा दुसरीच्या तोंडून आपला वाटा कळवला. ही खेप बिघडली असती तर भिकुबाईला त्या गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

खोकं भरलं. पुठ्ठ्याचं, भोकाभोकांचं, आत चार कप्पे असलेलं. शालिग्राम सुतळी बांधायला लागला, तशी ती म्हणाली, "भाऊ, वर टाका ना."

"कसली वर?"

"कसली म्हणजे? पिल्लासनी!"

आता खानदेशात केळी घ्या, मेथी घ्या, मोजून झालं की वर थोडं मागायचं आणि देणाऱ्याने ते द्यायचं. न मागणारी बाई बावळट, न देणारा चिक्कू. कोंबडीची पिल्लं म्हणजे मेथीची जुडी नव्हे, हे तिला कोण सांगणार?

शालिग्रामने सांगून पाहिलं. "अक्का, आमच्याकडे वर देत नाहीत." पण ती हटेना, आणि दिवसाची बोहनी तिचीच. शेवटी चिडून त्याने कोपऱ्यातल्या टोपलीत हात घातला. "ही परवाच्या खेपेतली उरलेली आहेत. जोर कमी आहे. बघून घ्या."

"फुकटनं काय देखानं, भाऊ!" भिकुबाई हसली. दिलेली वर चिवडत बसणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. शालिग्रामने या कप्प्यात दोन, त्या कप्प्यात तीन अशी पिल्लं सोडली आणि सुतळी आवळली.

एसटीत खोकं मांडीवर घेऊन ती खुशीत बसली. आत नुसती चिवचिव चालली होती. वर मिळाल्याचा आनंद तिला पिल्लं मिळाल्याच्या आनंदाहून जास्त झाला होता, हेही सांगायला हवं. गाडी धुळ्याबाहेर पडली, ऊन चढलं, आणि त्या चिवचिवाटात तिला एक कण्हल्यासारखा आवाज ऐकू आला.

तिने सुतळी सैल करून झाकण उचललं. एक पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून उभं होतं. तिने ते उलटं केलं. मागे चुना लागला होता.

ते पिल्लू तिने पदराच्या टोकात गुंडाळलं आणि बाकीच्या वरच्या पिल्लांचा शोध सुरू केला. पण कुठली वरची आणि कुठली पारखलेली? सगळी सारखीच पिवळी, सगळीच हादऱ्यांनी एकमेकांच्या अंगावर कोसळणारी. चारही कप्पे तिने पुन्हा पुन्हा पाहिले. सकाळभर जपलेली पारख तिने स्वतःच्या हौसेने मातीत घातली होती. इतका राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, जितका तेव्हा स्वतःचा आला.

हे एक खिडकीतून फेकून द्यावं, झाकण लावावं आणि गप्प बसावं. पुढे मेलीच तर म्हणावं, उन्हानं गेली. तिचा हात खिडकीपर्यंत गेला. कुणाचाही गेला असता. तिथेच तो थबकला, पुढेही जाईना आणि मागेही येईना, आणि तेवढ्यात कंडक्टरने तिच्या गावाच्या फाट्याची घंटी मारली.

फाट्यावर बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या. एकीने तर ओवाळायला ताट आणलं होतं. बेबाबाई जराशी बाजूला होती, पण तिच्या पाटीत घरचा पिंजलेला कापूस मऊ अंथरला होता. भिकुबाई खाली उतरली तशी सगळ्या जणी धावल्या. बेबाबाईने तिच्या तोंडाकडे न बघता झाकणाला हात घातला.

"हात लावू नका!" भिकुबाई ओरडली. "रोग शे त्यामा!"

भिकुबाईने पदर सोडून ते पिल्लू दाखवलं. ते अजून जिवंत होतं. "बठ्ठा पिल्ला देखीसन लिधात. मंग मी वर मांगी. ती नही देखी. आते कोनता खराब, माले समजत नही."

"पुन्हा तूच!" कुणीतरी म्हणालं. ताटवालीने ताटावर पदर टाकला. बाया मागे सरकल्या, आधी पाऊलभर, मग चार पावलं, आणि मग बोलत बोलत गावाकडे निघाल्या. त्यांचं काय चुकलं?

भिकुबाईने खोकं डोक्यावर घेतलं आणि आपल्या मळ्याची वाट धरली. गावात न्यायचं नाही, मळ्यातल्या झोपडीत एकटीने राहायचं, मरतील ती पुरायची, जगतील त्यांचे वाटे करायचे, एवढं तिने चालता चालता ठरवलं. रडू येत होतं, पण दोन्ही हात खोक्याला होते.

बांधावर आल्यावर मागे पावलं वाजली. बेबाबाई होती, काखेत पाटी घेतलेली.

"तू कोठे येस?" भिकुबाईचा आवाज फाटला.

"मना वाटा शे त्यामा," बेबाबाई फणकारली. "तुनावर सोडी दिऊ का? एकेक पिल्लू मना डोयाघाई देखसू."

वर्षभरात बेबाबाई तिच्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि बोलली ती हे. भिकुबाईला ते झोंबलं, खूप झोंबलं. तरी तिने खोकं उतरवून दोघींच्या मधे ठेवलं आणि झाकण काढलं. बेबाबाईने पाटी बाजूला सारली, बांधावर बैठक मारली आणि तळहात पुढे केला.

"दे पहिलं," ती म्हणाली.