श्वास घ्यायची जागा

डाव्या हाताची करंगळी पुन्हा शेजारच्या पट्टीवर पडली, आणि तिनं पियानोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एक शिवी दिली. शिवी सभ्य होती. लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला याहून जास्त मुभा नसते. मग तिनं दातांतली पेन्सिल काढली, समोरच्या पानावर त्या कॉर्डच्या, एकदम दाबायच्या स्वरांच्या त्या जुडीच्या, सगळ्यात खालच्या स्वराभोवती गोल केला आणि त्या स्वराला तिथल्या तिथे सेवानिवृत्त केलं.

तिघांच्या वाजवण्यात पियानोवाल्याचं खरं शास्त्र हेच. व्हायोलिनवाल्याच्या वाट्याला बहुधा एका वेळी एक स्वर, चेलोवाल्याच्या, म्हणजे थोरल्या व्हायोलिनवाल्याच्या, वाट्याला एक, आणि उरलेला सगळा ऐवज रचनाकारानं पियानोवर ओतून दिलेला, जणू तिथं बसणाऱ्याला वरची पाच बोटं सरकारकडून मिळतात. त्यामुळे काय वाजवायचं याच्याइतकीच काय गुपचूप गाळायचं याची तयारी करावी लागते. गाळलेलं ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ज्यांचे संसार बरे चालले आहेत त्यांना ही कला वेगळी शिकवावी लागत नाही.

पहिला भाग आता हाताखाली येत होता. आधी एकेक हात, मग दोन्ही, मग मुंगीच्या चालीनं, मग जरा माणसासारखं. शिकवणीची मुलं आली की ती मोठ्या मनानं त्यांच्या चुका ऐकायची आणि ती गेली की स्वतःच्या करायला बसायची. पण आज तिनं पानं उलटून दुसरा भाग काढला. संथ भाग. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. किती वेळ, ते लिहिलेलं नाही; नुसती एक छोटी कमान आणि कमानीखाली ठिपका. आणि मग पियानो आणि व्हायोलिन, अगदी हलक्या आवाजात, एकाच क्षणी. केसभर मागंपुढं झालं तर कपबशी निसटल्यासारखं ऐकू येतं.

तिनं हात पट्ट्यांवर अधांतरी धरले. थांबली. नाकानं एक लांब, भरलेला श्वास ओढला, सुर्र, आणि बोटं सोडली.

"सर्दी झालीय का?" आतून नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग नाक ओढतेस ते? कालही ओढत होतीस."

"मी कुठं ओढलं? तुम्ही पेपर वाचा बघू."

तो बाहेर आला, बामची डबी पियानोवर ठेवली, झाकण नीट बसलंय ना ते पाहिलं आणि परत गेला. नवरा वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. जन्मभर त्यानं दुकानदारांचे तराजू तपासले. 'चालेल' हा शब्द त्यानं नोकरीत एकदाही उच्चारला नव्हता, आणि घरी आणण्याजोगं त्या शब्दात त्याला काही दिसलं नव्हतं. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर तो जेवता जेवता उठायचा.

डबी तिथंच राहिली. सर्दी मात्र तिची नव्हती, पंपाची होती.

कॉलेजात व्हायोलिनवाल्याला सगळे पंप म्हणत. प्रत्येक सुरुवातीआधी तो सायकलच्या पंपासारखी हवा ओढायचा, ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायची. ती आणि चेलोवाली मैत्रीण त्यावर पोट धरून हसायच्या. पण सरावाच्या खोलीतला पियानो उभा, कपाटासारखा भिंतीला टेकलेला. वाजवणारीची पाठ सगळ्या जगाकडे. त्यामुळे पंप तिला वाजवताना कधी दिसला नाही, ऐकू आला. त्याच्या श्वासावर तिची बोटं पडायची, आणि पडायची ती नेमकी.

शेवटच्या सरावाला चेलोवाली आली नव्हती. मधल्या त्या शांततेत पंपानं श्वास घेतलाच नाही. इतका वेळ, की तिच्या मानेवरच्या केसांना कळलं, हा आता काहीतरी बोलणार आहे. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर... आठवणीत या जागी येऊन ती नेहमी भाजी निवडायला घ्यायची किंवा शिकवणीच्या मुलाला ओरडायची. मग सुर्र झालं, दोघांची बोटं एकदम पडली, आणि पुढं महिन्याभरात पंप शिष्यवृत्ती घेऊन लांबच्या देशात निघून गेला. कार्यक्रम राहूनच गेला.

तेव्हापासून अधूनमधून, घरात कोणी नसलं की, ती हा भाग एकटी वाजवायची. नुसता पियानोचा भाग ऐकणं म्हणजे फोनवरच्या माणसाची एकच बाजू ऐकणं. हं, हो, असं का, आणि मध्ये मोठमोठ्या रिकाम्या जागा. पलीकडचं बोलणं तिला पाठ होतं.

आणि आता पंप येत होता. चेलोवाली, जी मधल्या काळात दातांची डॉक्टरीण झाली होती, तिनंच फोन केला होता. "येतोय चार दिवस. वाचनालयाचा हॉल मिळतोय. तेच वाजवू या, राहिलेलं. तू नाही म्हणालीस तर तुझी अक्कलदाढ फुकट काढीन."

*

पंपाला पोट आलं होतं आणि केस गेले होते. एकूण वजन साधारण तेवढंच राहिलं असावं. तो दारात उभा राहून दिलखुलास हसला, तिला "अगं, तू तशीच आहेस की" म्हणाला आणि तेच वाक्य डॉक्टरणीलाही म्हणाला.

"भावोजी पानं उलटणार?" डॉक्टरीण चेलो पायांत धरत म्हणाली. "तुम्हाला यातलं वाचता येतं?"

"अक्षर नाही. हिनं मान हलवली की उलटायचं."

"म्हणजे नवीन असं काही शिकावं लागलं नाही."

"नाही," नवरा गंभीरपणे म्हणाला, आणि तिच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसला.

पहिला भाग बरा गेला. गाळलेले स्वर कोणाला कळले नाहीत. पंप सुरेख वाजवत होता, पूर्वीपेक्षा कितीतरी सुरेख, आणि तिची पाठ ताठ होत होती, कारण ती जागा जवळ येत होती. घरचा पियानोही उभाच. समोर भिंत, मागे ते दोघं.

सगळे थांबले. तिनं हात वर धरले आणि वाट पाहिली.

व्हायोलिन एकटंच सुरू झालं. ती मागून धडपडत पोचली.

"अगं, मी सुरू झालो," पंप म्हणाला.

"कळलंच नाही मला."

"मी उचलतो ना व्हायोलिन जरासं. हे असं."

"मला पाठीला डोळे नाहीत. तू श्वास घ्यायचास इथं."

"ते होय." पंप हसला. "ते सोडवलं माझं, रेकॉर्डिंगवाल्यांनी. पहिल्यांदा ऐकलं तर व्हायोलिनपेक्षा नाकच जास्त. नाकाला चिमटा लावून वर्षभर वाजवलं बघ."

"रोगी बरा झाला, आणि हिला वाईट वाटतंय," डॉक्टरीण म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती कोणाला तरी लवंग दाबून धरायला सांगत गॅलरीत गेली.

तिनं पानावर नजर ठेवूनच विचारलं, "आणि तू इथं थांबायचासही खूप. शेवटच्या सरावाला आठवतंय? किती वेळ नुसता..."

"थांबणारच. पुढचा स्वर पार वर आहे, आणि बोट कुठं ठेवायचं तेच सापडायचं नाही मला. घाम फुटायचा." पंपाला त्या आठवणीची मजा वाटली. "आता बघ. डोळे मिटून."

त्यानं डोळे मिटून तो स्वर लावला. स्वच्छ, बारीक, कुठंही न थरथरता.

"छान लागतो," ती म्हणाली.

तिनं पेन्सिल उचलली. कमानीच्या त्या खुणेवर टोक टेकवलं, गोल करायला घेतल्यासारखं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवले. नवरा पानाचा कोपरा चिमटीत धरून बसला होता. तिनं अजून मान हलवायची होती. त्याला घाई नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं स्कूटरचा आरसा सोडवून आणला आणि एक शिकंजा लावून पियानोच्या डोक्यावर बसवला.

"रिव्हर्स घ्यायचाय का पियानो?" डॉक्टरणीनं विचारलं.

आरशात आधी पंपाच्या शर्टाची बटणं दिसली. नवऱ्यानं स्क्रू फिरवला, छत दिसलं. पुन्हा फिरवला. पातळी बघायची पाणसळ आणून लावून पाहिली. शेवटी व्हायोलिनचं टोक आणि त्यामागं पंपाची हनुवटी नेमकी चौकटीत आली. टोक वर गेलं की बोटं सोडायची. जमलं. तिघांनी ते पुन्हा पुन्हा केलं आणि प्रत्येक वेळी जमलं. ती आरशात बघून वाजवायची आणि हनुवटी एका अनोळखी, भल्या माणसाची होती.

एकटी सराव करतानाही आता ती त्या जागी गप्प थांबायची आणि गप्प सुरू करायची. नाक वाजायचं नाही. एकदा हात थांबवून बसली असताना आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला, आणि मग तोही थांबला. जरा वेळानं नवरा बाहेर आला, पियानोवरची बामची डबी उचलली, आणि काही न विचारता कपाटात ठेवून दिली.

*

वाचनालयाच्या हॉलमध्ये पियानो उभाच होता आणि भिंतीला टेकलेला होता. त्याला हलवायचं तर इमारत हलवावी लागली असती. नवऱ्यानं स्कूटरचा आरसा इथंही पियानोच्या डोक्यावर बसवला होता. पुस्तकांची कपाटं बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत डॉक्टरणीचे पेशंट, न आल्यास काय होईल याचा विचार करून आलेले. मागे शिकवणीची मुलं आणि त्यांचे आईबाप.

पहिल्या भागात डावा हात जोरात आला. खालच्या प्रत्येक कॉर्डच्या हादऱ्याबरोबर आरसा थोडा थोडा झुकून होकार देत होता. तिनं ते पाहिलं, पण हात रिकामे नव्हते. भाग संपला तेव्हा आरशाची मान पूर्ण पडली होती आणि त्यात डॉक्टरणीचा डावा बूट दिसत होता. नवऱ्यानं हात पुढं केला, तेवढ्यात चेलोनं दुसरा भाग सुरूही केला.

ती वाजवत राहिली. गाणं तिच्या पाठीमागून येत होतं आणि ती त्याच्याखाली पट्ट्या अंथरत होती. बूट ताल धरत होता. तिनं मान हलवली. नवऱ्यानं उठून पान उलटलं, आणि नव्या पानाच्या पहिल्याच ओळीत ती कमान होती.

सगळे थांबले.

हात वर. समोर भिंत. भिंतीवर 'कृपया शांतता राखा' अशी पाटी. तिनं एवढ्या वर्षांत या शांततेत काय काय ठेवलं होतं. आता ती तिथं गेली तर एक घामाघूम मुलगा बोट ठेवायला जागा शोधत होता, आणि तोही मोठा होऊन निघून गेला होता. कोण कधी सुरू करणार, तिला काही कळायला मार्ग नव्हता. मागं कोणीतरी खुर्चीत सरकलं.

पान उलटून झाल्यावर नवऱ्यानं बसायला हवं होतं. तो बसला नव्हता. पियानोला कोपर टेकून तो अर्धा मागं वळून उभा होता.

तिच्या डाव्या कानापाशी नाकानं कोणीतरी श्वास ओढला. लांब. भरलेला. सुर्र.

तिची बोटं पडली, आणि व्हायोलिन तिथंच होतं.

*

"आज अगदी जुळलं," पंप नंतर म्हणाला. त्याला पहाटे निघायचं होतं आणि तो सगळ्यांना मिठ्या मारत होता. "मी उचललं आणि तू आलीस. आरसा पडला होता ना? कसं काय?"

ती काही बोलण्याआधी नवरा म्हणाला, "सराव."

बाहेर पार्किंगमध्ये त्यानं स्कूटरवर आरसा परत बसवायला घेतला. ती पानांची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. हॉलमधून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते.

"सर्दी झालीय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि स्क्रू आवळत राहिला.

ती मागं बसली. गाडी सुरू झाली. रस्त्याच्या वळणावर तिचं लक्ष आरशाकडं गेलं. त्यात मागचा रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या. त्यात ती होती. कपाळ, चष्मा, आणि वाऱ्यानं उडालेले केस.

"अहो," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आरसा वाकडा बसलाय."

त्यानं आरशात पाहिलं. जरा वेळ पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला.