चोकच्या दांडीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची रशियन गाडी आहे. दिसायला पावाच्या लादीसारखी. हे माझं मत नाही, सगळेच तसं म्हणतात आणि तीस वर्षांत कुणी त्याबद्दल माफी मागितलेली नाही. माझं इंजिन पुढे नाकात नसून चालक आणि त्याच्या शेजारचा माणूस यांच्या मधोमध, एका झाकणाखाली आहे. त्यामुळे माझ्या पोटात काय चाललंय ते बसल्या जागी दिसतं. दिसलं म्हणजे कळलंच असं मात्र नाही.

जन्म कारखान्यातला, पण माझं सारं आयुष्य मंगोलियात गेलं, मेंढपाळ दामदिनच्या घरी. घर म्हणजे गेर, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू. वर्षातून चार वेळा तो मोडायचा आणि दुसऱ्या कुरणावर उभा करायचा. वाहून न्यायचं काम माझं. भिंतींच्या जाळ्या, चूल, पेट्या, दोन आजारी कोकरं आणि या सगळ्या सामानावर ऐटीत बसलेली दामदिनची आई, यांज्मा. निघताना ती माझ्या चाकांवर दूध शिंपडायची. चारी चाकांना सारखं, मागच्या गुळगुळीत टायरलासुद्धा. माझं कौतुक करणारं माणूस हे एवढंच.

पुढे तिला छातीचं दुखणं लागलं. दर आठवड्याला मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ लागले. शेवटच्या फेरीहून परतल्यावर तिने छातीशी जपलेलं खदग बाहेर काढलं. खदग म्हणजे मान देण्याचं निळं रेशमी वस्त्र. लोक ते गाडीत आरशाला बांधतात.

"आरसा काय करतो? नुसता मागे बघतो," यांज्मा म्हणाली. "कष्ट या पेटीतलं इंजिन करतं. उघड रे झाकण."

दामदिनने झाकण उघडलं. म्हातारीने चाचपडत एक बारीक दांडी शोधली, तिच्या शेजारची नळी सोबत घेतली, दोन्हींना मिळून तीन वेढे दिले आणि वर घट्ट गाठ मारली. "हिला अंतर देऊ नका," म्हणाली. नऊ दिवसांनी ती गेली.

मित्रांनो, ती दांडी चोकची होती. चोक म्हणजे कार्ब्युरेटरवरची, इंजिनाच्या नाकपुडीची झडप; कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. थंड इंजिन सुरू करताना ती पूर्ण मिटायची, इंजिन तापलं की पूर्ण उघडायची. माझी आता ना मिटत होती, ना उघडत होती. सकाळी सुरू होताना मला हवा जास्त व्हायची आणि चालताना कमी. पेट्रोल पोटात साचायचं, मागून काळा धूर निघायचा, आणि एकदा बंद पडले की परत सुरू होताना सगळ्यांचा जीव काढायचे. त्यात माझाही होता.

एक हिवाळा कसाबसा काढला.

"अहो, हिच्या धुराने मेंढ्या काळ्या पडायला लागल्या," दामदिनची बायको त्सेर्मा म्हणाली.

"दुःखात आहे ती. आईची सवय होती तिला."

"दुःखात मीही आहे. मी उठते ना सकाळी?"

दामदिनने लामांना विचारलं. मंगळवारी, पश्चिमेकडे तोंड करून सुरू करा, असं उत्तर आलं. मग मी मंगळवारी, पश्चिमेकडे तोंड करून, सुरू झाले नाही.

शेवटी ओचिर मेकॅनिक आला. माणूस हुशार. त्याने प्लग काढले, ते काळेकुट्ट आणि ओले निघाले. "पेट्रोल जास्त जातंय, दादा. हवा पुरत नाही." इथवर अगदी बरोबर होतं. त्याने हवेचा फिल्टर झटकला, तर बकरीची बरीच लोकर पडली.

"यात एक मोजा होईल," त्सेर्मा म्हणाली.

धूर कमी झाला नाही. त्याने नवे प्लग घातले, ते तीन दिवसांत काळे झाले. पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा तपासला, तो निर्दोष होता.

"आता राहिला कार्ब्युरेटर. खोलून धुवावा लागेल."

"मग धू."

"त्यासाठी हे खदग सोडावं लागेल."

दोघांनी खदगाकडे पाहिलं. त्सेर्माने मिठाचा चहा आणून दोघांपुढे ठेवला.

"तू सोडशील?" दामदिनने विचारलं.

"मी कशाला? आई तुझी."

"मग राहू दे."

"राहू दे," ओचिर म्हणाला. "हवामानाचाही परिणाम असतो." आणि तीन वाडगे चहा पिऊन निघून गेला.

थंडीच्या मुक्कामाला हलायची वेळ आली. मला बाहेर काढताना त्सेर्मा स्वच्छ बोलली, "वाटेतली खिंड ओलांडली तर राहील. नाही तर विकायची."

मी जिवाचं रान केलं. अर्ध्या चढावर गुदमरले आणि थांबले. पोटात पेट्रोल भरलेलं, किल्ली फिरवली की नुसती उचकी यायची. मेंढ्या आमच्या शेजारून पुढे निघून गेल्या, मागे वळून न बघता. शेजाऱ्याच्या ट्रकने सामान चढवून घेतलं.

दामदिन एकटा माझ्यात बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने झाकण उघडलं आणि चालकासमोरची चोकची खुंटी ओढली. खदग ताणलं गेलं, दांडी हलली नाही. खुंटी आत ढकलली. दांडी हलली नाही. असं त्याने चार वेळा केलं. मित्रांनो, या क्षणाची मी सव्वा वर्ष वाट पाहत होते. त्याचा हात गाठीवर आला आणि तिथेच थांबला.

त्सेर्माने खिडकीतून डोकावलं. तिलाही दिसलं. "सोडा ना. एका गाठीचा तर प्रश्न आहे."

"सोडली आणि ही सुरू झाली तर?"

"मग बरंच की."

"मग सव्वा वर्ष हिचा गळा कुणी धरला होता?"

त्सेर्माने डोकं खिडकीतून मागे घेतलं. दामदिनने सावकाश झाकण लावलं.

"गाडी म्हातारी झाली," तो म्हणाला.

ओचिरने मला सुट्या भागांसाठी घेतलं आणि बदल्यात एक घोडा दिला. घोडा जरा लंगडतो, पण हाक मारली की उठतो. अंगणात आणल्याबरोबर ओचिरने गाठ सोडली, खदगाची नीट घडी घालून ते दोन्ही हातांनी उंच फळीवर ठेवलं आणि माझा कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या गाडीला लावला. ती गाडी अर्ध्या किल्लीत सुरू होते म्हणतात. पुढच्या महिन्यात माझे मागचे दरवाजे जाणार आहेत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी जुनं यंत्र असेल तर त्याच्यावर माया जरूर करा. जुनं माणूस असेल तर त्याच्यावरही. पण ते गुदमरताना दिसलं, तर गाठ कुणी मारली याचा विचार नंतर करा, आधी ती सोडा. गाठ मारणाऱ्याला राग येत नाही. बहुतेक वेळा त्याला ती दांडी कसली हेच ठाऊक नसतं. हे मी दामदिनला सांगणार होते, पण मला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते दोघे, ओचिर आणि तो, त्या दिवशी चहा पीत होते.